आधी छत, मग पंखा

मे महिन्याच्या मध्यावर एके दिवशी भर दुपारी लातुरात माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. तीन-चार दिवसांनी नांदेडलाही तेच घडतं. सूर्य त्या वेळी बरोबर डोक्यावर आलेला असतो. विज्ञानाचे शिक्षक शाळेच्या पटांगणात काठी उभी करून मुलांना हा ‘शून्य सावलीचा दिवस’ दाखवतात. घर बांधणाऱ्याने आणि घरात राहणाऱ्याने त्या काठीकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ज्या महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, नेमक्या त्याच महिन्यात दुपारचं ऊन भिंतींवर फारसं पडत नाही. ते जवळजवळ सगळंच्या सगळं छतावर पडतं.

उन्हाळ्यात विजेचं बिल वाढलं की घरात चर्चा पंख्याची होते, कूलरची होते, एसी घ्यावा का याची होते. छताचा विषय निघतो तो पावसाळ्यात, गळायला लागल्यावर. मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत पंखा, कूलर आणि एसी मिळून जे काम करतात, त्यातला मोठा वाटा छताने आत सोडलेली उष्णता बाहेर काढण्याचा असतो. ही उष्णता आत येऊच दिली नाही, तर यंत्रांचं काम निम्म्यावर येऊ शकतं. हे तत्त्व या भागाला नवं नाही. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीपर्यंत इथली घरं त्यावरच उभी होती.

औसा, निलंगा, कंधार, मुखेड या भागांतल्या जुन्या गावठाणांत अजून माळवदाची घरं दिसतात. सागवानी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर फळ्या किंवा तुराट्यांचा आणि निंबाच्या पाल्याचा थर आणि त्यावर माती. सगळ्यात वर चोपून बसवलेली पांढरी माती. पावसाळ्याआधी दरवर्षी नवी माती टाकायची, उतार नीट करायचा, पन्हाळी साफ करायची, असा रिवाज होता. वर्षानुवर्षं अशी भर पडून मातीचा थर दीड-दोन फुटांचा होई. भिंती दगडमातीच्या, दोन-अडीच फूट जाडीच्या. मोठ्या वाड्यांत दारातून आत गेलं की ढाळज, मग मधला चौक, चौकाभोवती ओसऱ्या आणि सगळ्यात आत माजघर. उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी माळवदाला साणं ठेवलेलं असे.

एवढी माती तापायला वेळ लागतो. दुपारची उष्णता तिच्यातून झिरपत खाली यायला लागते तोवर रात्र होते, बाहेरची हवा उतरते आणि माती वरच्या बाजूने पुन्हा थंड होऊ लागते. त्यामुळे दिवसभरात बाहेरचं तापमान पंधरा अंशांनी खालीवर झालं तरी माजघरात ते दोन-चार अंशांपेक्षा जास्त हलत नसे. चौकातली गार हवा रात्री खाली बसे आणि सकाळी उशिरापर्यंत ओसरीत टिके. दुपारी माजघरात आणि रात्री माळवदावर किंवा अंगणात बाज टाकून झोपायचं, ही घराच्या रचनेशी जुळलेली दिनचर्या होती. माणसं दिवसाच्या वेळेप्रमाणे घरातल्या घरात जागा बदलत.

या घरांचं कौतुक करताना त्यांचे दोष झाकू नयेत. माजघर अंधारं असे, चुलीचा धूर बायकांच्या डोळ्यांत आणि छातीत जाई, माळवद पावसाळ्यात ठिबके. शिवाय असा वाडा गावातल्या मोजक्या घरांनाच परवडे. भूमिहीनांच्या वाट्याला कुडाची भिंत आणि गवताचं छप्परच आलं. आणि सगळ्यांत मोठा दोष एका पहाटे उघडा पडला.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावं झोपली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजायला काही मिनिटं कमी असताना किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसं गेली. बहुतेक जण झोपेतच ढिगाऱ्याखाली गाडले गेले. मातीत रचलेल्या दगडी भिंतींच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजू एकमेकींत गुंफलेल्या नव्हत्या, आरपार जाणारे लांब दगड नव्हते. धक्क्यासरशी भिंती दोन्हीकडे फुटल्या आणि वरची कित्येक टन माती कोसळली. अनेक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती मात्र जमीनदोस्त झाल्या, हेही पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवलं आहे. पण ज्यांची माणसं गेली त्यांना दगडमातीच्या छताखाली पुन्हा झोपायचं नव्हतं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला. ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. जुन्या गावठाणात घरं एकमेकांना टेकून उभी असत, बोळ अरुंद असत आणि एका घराची सावली दुसऱ्यावर पडे. नव्या गावांत रुंद, सरळ रस्ते आले, प्रत्येक घर सुटं झालं आणि चारही बाजूंनी उन्हात उभं राहिलं. भिंती काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या किंवा विटांच्या, वर चार-पाच इंची स्लॅब. स्लॅबचीही भीती वाटणाऱ्यांनी शेजारी पत्र्याचं शेड टाकलं आणि कित्येक वर्षं ते त्यातच झोपले. पत्रा पडला तरी जीव जात नाही, हा हिशेब साधा आणि खरा होता. पुढे भूकंपाची झळ न लागलेल्या गावांतही माळवदं उतरली आणि स्लॅब, पत्रे आले. नांदेड-लातूर शहरांच्या नव्या वसाहती तर सिमेंटच्याच.

घर भूकंपात टिकेल याची काळजी घेतली गेली. ते उन्हात कसं टिकेल, याचा विचार मात्र मागे पडला. या दोन गोष्टींत मुळात काहीही विरोध नाही. छत हलकं, बांधीव आणि तरीही थंड करता येतं.

स्लॅबचं वागणं एकदा समजून घेतलं की बरंच काही उलगडतं. चार-पाच इंचांचं काँक्रीट उष्णता अडवत नाही, फक्त तीन-चार तास लांबवतं. वरची बाजू दुपारी एक-दोनला सर्वाधिक तापते आणि खालची बाजू संध्याकाळी पाच-सहाला. तिथून पुढे मध्यरात्रीपर्यंत छत तापल्या तव्यासारखं खाली उष्णता सोडत राहतं. म्हणजे माणसं कामावरून, शाळेतून घरी येतात, स्वयंपाक होतो, जेवणं होतात, मुलं अभ्यासाला बसतात, नेमक्या त्या वेळी. पंखा लावला की तो छताजवळची सगळ्यात गरम हवाच खाली ढकलतो. ‘पंख्याला वाराच गरम येतो’ ही तक्रार रात्री नऊ वाजता ऐकू येते ती यामुळे. पत्र्याच्या घरात हा तीन-चार तासांचा उशीरही नसतो. ऊन पडल्यावर काही मिनिटांत पत्रा तापतो, आणि दुपारी त्या घरात थांबणं कठीण होतं. त्यातल्या त्यात एक सोय म्हणजे रात्री पत्रा लवकर निवतोही.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. त्यात छताबद्दल एक मर्यादा आहे. बाहेर आणि आत एक अंशाचा फरक असताना छताच्या दर चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. वर काहीही न केलेल्या साध्या स्लॅबमधून याच्या जवळपास तिप्पट उष्णता येते. नांदेड-लातूरमध्ये एक-दोन मजली खासगी घर बांधणाऱ्या माणसाला ठेकेदार किंवा बँकेचा माणूस हे सहसा सांगत नाही. नकाशावर खोल्या असतात, जिना असतो, वास्तूच्या दिशाही असतात. छतावर कोणता थर येणार, याचा उल्लेख क्वचित असतो.

उपाय मात्र स्वस्तातून सुरू होतात. सगळ्यात साधा म्हणजे चुना. काळपट पडलेली गच्ची उन्हातला बहुतेक भाग शोषून घेते, तर ताजा पांढरा लेप त्यातला मोठा भाग परत आकाशात पाठवतो. चुन्यात पांढरं सिमेंट आणि थोडा डिंक घालून दोन हात मारले तर खालच्या खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडू शकतो. बाजारात यासाठी तयार रंगही मिळतात. ते जास्त टिकतात आणि महागही असतात. चुना पावसात धुपतो, म्हणून तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, होळीच्या आसपास लावावा. धूळ साचली की परावर्तन कमी होतं, त्यामुळे उन्हाळ्यात मधूनमधून गच्ची झाडायला हवी. नांदेडची हद्द ज्या तेलंगणाला लागून आहे, त्या राज्याने २०२३ साली थंड छतांचं स्वतंत्र धोरणच जाहीर केलं. देगलूर-बिलोलीपासून काही मैलांवर जे सरकारी धोरण आहे, ते सीमेच्या अलीकडे यायला काय हरकत आहे? निदान घरकुल योजनेत तरी ते यावं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. एवढ्याशा छताला चुन्याचे दोन हात मारायला एक दिवसही लागत नाही, आणि ते घर ज्याचं असतं त्याच्याकडे कूलर घ्यायला पैसे नसतात.

नवीन स्लॅब टाकणाऱ्याने ब्रिकबॅट कोब्याचा विचार करावा. विटांचे तुकडे मसाल्यात बसवून वर गुळगुळीत थर द्यायची ही पद्धत गवंड्यांना चांगली माहीत आहे. बहुतेक जण ती गळतीसाठी करतात, पण विटांतली हवा उष्णताही अडवते. त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या फुटक्या फरशा बसवल्या तर दरवर्षी चुना लावण्याचं कामही टळतं. मात्र कोब्याचं वजन स्लॅबवर येतं, म्हणून आराखड्यातच ते धरायला हवं. जुन्या स्लॅबवर अभियंत्याला न विचारता भार वाढवू नये, आणि भूकंपाच्या पट्ट्यात तर मुळीच नाही. पत्र्याच्या घरांसाठी वजनाचा प्रश्न नसतो. पत्रा वरून पांढरा करायचा आणि खाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या चटईचं किंवा कापडाचं छत ताणायचं. मधल्या पोकळीतली गरम हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना वाट ठेवायची. काही जण पत्र्यावर उसाचं पाचट किंवा तुराट्या टाकतात. गारवा मिळतो खरा, पण एक ठिणगी पुरे होते. चूल जवळ असेल तर हा मार्ग नको.

छतानंतर पश्चिमेची भिंत. इथे पुन्हा ती सावलीची काठी उपयोगी पडते. मे ते जुलै या काळात सूर्य दुपारी डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला उन्हाळ्यात फारसा त्रास होत नाही. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला की भागतं, आणि थंडीत तिरपं ऊन आत येतं ते हवंहवंसं असतं. पश्चिमेला छज्जा निरुपयोगी. तीन वाजल्यापासून मावळेपर्यंत ऊन आडवं येतं, छज्ज्याखालून सरळ खोलीत शिरतं. तिथे उभी सावली लागते. कडुनिंबाचं झाड, वेल, बांबूचा तट्टा, जाळीची भिंत, काहीही चालेल, फक्त ती काचेच्या बाहेर हवी. आतला पडदा उजेड अडवतो, पण उष्णता तोवर घरात आलेली असते. नव्या घरांत समोरून मोठ्या काचा बसवण्याची हौस वाढली आहे. रस्ता पश्चिमेला असेल तर ती हौस दर उन्हाळ्यात महावितरणच्या बिलात वसूल होते. पश्चिमेला जिना, संडास-बाथरूम, कोठीची खोली घ्यावी आणि निजायच्या खोल्या पूर्वेला किंवा उत्तरेला, एवढं जरी नकाशा काढताना पाळलं तरी पुढची चाळीस वर्षं त्याचा लाभ मिळतो.

लातूर आणि नांदेड यांत एक फरक आहे. लातूर बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. नांदेड गोदावरीच्या काठी, साडेतीनशे मीटरच्या जवळ. लातूरच्या रात्री त्यामुळे अधिक निवतात. तिथे रात्री नऊनंतर सगळ्या खिडक्या उघडून सकाळी आठ-नऊला पुन्हा बंद करण्याची जुनी सवय फार कामाची आहे. भिंती रात्रभर निवतात आणि दुपारपर्यंत तो गारवा पुरवतात. नांदेडमध्ये ही युक्ती एप्रिलमध्ये चांगली चालते, मेच्या अखेरीस कमी. दोन्हीकडे लोक खिडक्या उघडत नाहीत त्याची कारणं खरी आहेत: डास आणि चोर. म्हणून खिडकीला पक्की जाळी आणि मजबूत गज हे वीजबचतीचं साहित्य मानलं पाहिजे. छताजवळ लहान झरोके समोरासमोर ठेवले तर रात्री वर साचलेली गरम हवा आपोआप निघून जाते. जुन्या घरात हे काम साणं करत असे.

एवढं झाल्यावर यंत्रांकडे वळावं. पहिला मान पंख्याचा. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तेवढाच वारा ३० वॅटमध्ये देतो. इथे वर्षातले आठ-नऊ महिने पंखा रोज पंधरा-सोळा तास फिरतो. सोळा तासांना एका पंख्यामागे महिन्याला एकवीस-बावीस युनिट वाचतात आणि तीन पंख्यांमागे पासष्टच्या घरात. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा दर आणि त्यापुढच्या टप्प्याचा दर यांत जवळपास दुपटीचा फरक आहे. महिन्याला १६० युनिट वापरणारं घर तीन पंखे बदलून शंभराच्या आत येतं, म्हणजे त्याची वाचलेली बहुतेक युनिटं महागड्या टप्प्यातली असतात. इन्व्हर्टर असलेल्यांना आणखी एक फायदा आहे. ‘लाईट गेली’ की तीच बॅटरी दुप्पट वेळ पुरते. बॅटरी भरताना आणि रिकामी होताना विजेचा चांगला एक चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग वाया जातो, त्यामुळे इन्व्हर्टरवर जितका कमी भार तितकं बरं. २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारे छापणं सक्तीचं झालं आहे. दुकानात पंख्याचा रंग पाहण्याआधी ते तारे पाहावेत.

कूलरचा प्रश्न अवघड आहे, कारण त्यात पाणी येतं. एप्रिल-मेची इथली हवा कोरडी असते, म्हणून कूलर इथे मुंबईपेक्षा कितीतरी चांगला चालतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. कूलरला लागतात दीड-दोनशे वॅट, तर दीड टनाचा एसी पूर्ण जोराने चालताना बारा-पंधराशे वॅट घेतो. पण मोठा कूलर दिवसभर चालला तर शंभर लिटरच्या आसपास पाणी सहज पितो. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, जिथे पहिल्या गाडीचे पाच लाख लिटर पाहायला लोक स्टेशनावर जमले, तिथे शंभर लिटर हा लहान आकडा नाही.

तरीही एसी म्हणजे पाण्याची बचत, असं समजणं चूक ठरेल. कोळशाच्या वीजकेंद्रात एका युनिटमागे दोन-तीन लिटर पाणी खर्च होतं. बीड जिल्ह्यातलं परळीचं औष्णिक वीजकेंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावीच बंद ठेवावं लागलं होतं. कूलरचं पाणी डोळ्यांना दिसतं, एसीचं दुसरीकडे कुठेतरी खर्च होतं. शहाणपणाचा मार्ग असा की, कूलर सगळ्या घराला न लावता माणसं बसतात त्या एका खोलीला लावावा, कूलर उन्हात न ठेवता सावलीत ठेवावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. खोली बंद केली की ओल साचते आणि कूलर नुसतं पाणी उडवत राहतो. जूनमध्ये पहिला वळवाचा पाऊस झाला की कूलर बंद करून पंख्यावर यावं. एसी असेलच तर २४ अंशांच्या खाली नेऊ नये. एक अंश वाढवला की वीज सुमारे सहा टक्क्यांनी कमी लागते, आणि २६ अंशांवर पंख्यासोबत झोप उत्तम लागते.

लातूरमध्ये पाणी वाचवणं म्हणजे वीज वाचवणंच आहे. सहाशे फुटांच्या बोअरमधून हजार लिटर पाणी वर आणायला तत्त्वतः अर्धं युनिट लागतं. पंपातली, केबलमधली, पाइपातली गळती धरली की प्रत्यक्षात एक युनिटच्या वर जातं. गच्चीवरची टाकी भरून वाहत राहिली तर पाण्याबरोबर तेवढी वीजही गटारात जाते. तरंगता बॉल-कॉक बसवायला काहीशे रुपये लागतात. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर पासष्ट हजार लिटर पाणी जमतं. त्यातलं निम्मं जरी हौदात किंवा बोअरमध्ये उतरवलं तरी पंपाचे कितीतरी तास वाचतात. गच्चीला चुना लावला असेल तर पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्यावं.

आंघोळीचा हिशेबही असाच. हिवाळ्यात वीस लिटरची बादली वीस अंशांवरून चाळीसवर न्यायला जवळपास अर्धं युनिट लागतं. पाच माणसांचं घर, रोज पाच बादल्या, म्हणजे महिन्याला सत्तर-पंचाहत्तर युनिट. सौर बंब नसेल तर गिझर सगळ्यांच्या आंघोळीआधी एकदाच लावून लगेच बंद करणं ही सवय पुरेशी आहे. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी तर मार्चपासून फुकट गरम मिळतं.

स्वयंपाकघरात लातूरकरांना डाळीबद्दल कुणी काही शिकवावं असं नाही. तुरीच्या डाळीची ही देशातली मोठी बाजारपेठ, लातूर-उदगीरच्या डाळमिलांची डाळ दूरदूर जाते. तीच डाळ अर्धा तास भिजवून कुकरला लावली तर शिट्ट्या कमी लागतात, आणि पहिल्या शिट्टीनंतर आच मंद केली तर गॅस आणखी वाचतो. कुकरमध्येच डाळ, भात, बटाटे एकावर एक ठेवण्याची बायकांची पद्धत इंधनबचतीच्या कुठल्याही सरकारी पत्रकापेक्षा जुनी आहे.

घरातल्या ऊर्जेचा विषय बायकांच्या हातात आल्यावर काय होतं, याचा दाखला या भागातच आहे. भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने लातूर-उस्मानाबादच्या गावांत घरदुरुस्तीच्या कामात स्त्रियांना पुढे आणलं. गावातल्याच स्त्रिया संवाद सहायक झाल्या, भिंत मजबूत कशी करायची हे त्या शेजारणींना समजावून सांगू लागल्या. पुढे याच जाळ्यातून कमी धुराच्या चुली आणि सौर दिवे विकणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या उद्योजिका घडल्या. २०१६ साली मराकेशच्या जागतिक हवामान परिषदेत संयुक्त राष्ट्रसंघाने या कामाचा गौरव केला. सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. शेंगांची टरफलं आणि उसाचा चोथा यांच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर चालणारी एक चूल मराठवाड्यात खूप विकली गेली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचं तंत्र आणि एका परदेशी तेल कंपनीचं भांडवल तिच्यामागे होतं. कच्च्या मालाला कारखान्यांकडून मागणी आली, गोळ्यांचा भाव चढला आणि अनेक घरांतल्या चुली बाजूला पडल्या. ज्या साधनाचं इंधन गावच्या हातात नसतं ते कितीही चांगलं असलं तरी टिकवणं अवघड जातं. चुना, झाड आणि जाळी यांना ही अडचण नाही.

छतावर सौर पॅनेल बसवण्याकडे कल आता झपाट्याने वाढतो आहे. २०२४ साली सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३० हजार आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटचा संच रोज सरासरी चार युनिटच्या आसपास वीज देतो, आणि मराठवाड्यात उन्हाची उणीव नाही. पॅनेलची सावली स्लॅबवर पडते हा आणखी एक लाभ. पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी छत पांढरं, पंखे बदललेले, पश्चिमेला सावली. मग घराची गरज किती उरते ते वर्षभराच्या बिलांवरून मोजायचं आणि तेवढाच संच घ्यायचा. तीन किलोवॅटच्या जागी दोन पुरत असेल तर त्या घराचा एक किलोवॅटचा खर्च वाचतो.

ही सगळी चर्चा स्वतःचं घर असलेल्यांना लागू पडते. परीक्षांच्या कसून तयारीसाठी ओळखल्या जाणाऱ्या ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने दरवर्षी हजारो मुलंमुली लातुरात येतात, नांदेडच्या शिकवण्यांतही तेच चित्र आहे. त्यांतले पुष्कळजण गच्चीवर वाढवलेल्या पत्र्याच्या नाहीतर उघड्या स्लॅबच्या खोल्यांत राहतात. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा मे महिन्यात असते, म्हणजे तयारीचा शेवटचा आणि सगळ्यात कठीण महिना छत सर्वाधिक तापण्याचा असतो. खोलीचं छत घरमालकाचं, विजेचं मीटर मुलांच्या माथी. चुन्याचा खर्च करणाऱ्याला बचत मिळत नाही आणि बचत ज्यांना मिळायची ते दीड-दोन वर्षांत निघून जातात. पालक खोली पाहायला येतात ते जून महिन्यात, पाऊस पडून गेल्यावर, तेव्हा छताची परीक्षा होत नाही. ते गच्चीवर एकदा चढून पाहू लागले, वर पांढरा लेप आहे का, खिडक्या समोरासमोर आहेत का आणि पंखा किती वॅटचा आहे हे भाड्याआधी विचारू लागले, तर वसतिगृहांच्या जाहिरातींत वायफायच्या शेजारी छताचाही उल्लेख यायला वेळ लागणार नाही.